दोन तासांची दिल्ली

'दिल्ली ती काय, दोन तासांवर आली!' हें वाक्य हल्लीं सुशिक्षित घरांत फार सहज उच्चारलें जातें. या वाक्याशीं आमचें भांडण आहे, आणि तें केवळ शब्दांचें नाहीं. याच दोन तासांच्या भरंवशावर मुलें दूर संसार थाटतात आणि आईबाप मागें एकटे राहावयास राजी होतात.

मुंबई व दिल्ली येथील विमानतळांमध्यें पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलें सर्वांत जवळचें अंतर सुमारें 1,140 किलोमीटर भरतें. जेट विमान उंचावर ताशीं आठशें किलोमीटरांहून अधिक वेगानें जातें. तेव्हां भागाकार करणारास उत्तर दीड तासाच्याही आंत मिळतें. परंतु विमान भागाकारावर चालत नाहीं. त्यास नेमून दिलेल्या हवाईमार्गांनीं जावें लागतें, चढतां-उतरतांना त्याचा वेग मंदावतो, वारा कधीं साह्य करितो तर कधीं आडवा येतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, त्यामुळें एका वेळीं वस्तुतः एकीचाच उपयोग होतो, आणि आकाशांत घिरट्या घालीत बसण्याचा प्रसंग पुष्कळदां येतो. वेळापत्रकांतले सव्वादोन तास हे विमान जागचें हालल्यापासून पलीकडे जागीं उभें राहीपर्यंतचे. त्यांत नेहमींच्या खोळंब्याची तरतूद कंपन्या आधींच करून ठेवितात, आणि मग दहा मिनिटें लौकर पोहोंचल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतात! स्वतःच प्रश्नपत्रिका काढून स्वतःच पहिला नंबर पटकावण्यापैकींच हें झालें.

हा हिशेब मांडावयास आम्हांस कारण घडलें. डोंबिवलीस राहणाऱ्या आमच्या आक्कांस एके दिवशीं पहाटे दवाखान्यांत न्यावें लागलें. मुलगा नोएडास. 'आई, दोन तासांत आलोंच' असें तो फोनवर म्हणाला आणि सात वाजतां घराबाहेर पडला. घरापासून विमानतळ दीड तास, सुटण्यापूर्वीं दोन तासांची हजेरी, विमानाचे सव्वादोन, पेटीसाठीं अर्धा, मुंबईहून डोंबिवली पुन्हां दीड. एकूण पावणेआठ, आणि कोठेंही विलंब म्हणून झाला नाहीं. पण आक्कांनीं घड्याळांत नऊ वाजल्यापासून दाराकडे डोळे लावले होते. मुलगा पावणेतीनला पोहोंचेपर्यंत विमान पडलें या कल्पनेनें त्यांनीं दुखण्याहून अधिक सोसलें.

आम्ही विमानाचे वैरी नव्हों. 1932 सालीं जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस उतरले, त्या धाडसाचें आम्हांस कौतुकच आहे. राजधानी गाडीस मुंबई-दिल्ली प्रवासास साडेपंधरा तासांच्या आसपास लागतात. पावणेआठ म्हणजे जवळजवळ निम्मे, हेंही आम्हांस मान्य. कोणी म्हणेल, रेल्वेचें वेळापत्रक तरी स्टेशनापासून स्टेशनापर्यंतचेंच असतें. खरें, परंतु साडेपंधरांत दोन-तीन मिळविले तरी प्रवासाचें स्वरूप बदलत नाहीं. सव्वादोनांत साडेपांच मिळविले कीं मूळ आंकडा तोंड लपवितो! कंपनीनें आपल्या विमानापुरतें बोलावें, तो तिचा धंदा आहे. मुलानें आईस विमानाची वेळ कां सांगावी? त्यानें उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतची सांगावी.

आक्का आतां बऱ्या आहेत. फोनशेजारच्या कॅलेंडरावर त्यांनीं ठळक अक्षरांत 'पावणेआठ' असें लिहून ठेविलें आहे.