सुट्टी सर्वांची, मैदान कुणाचे?

परीक्षा संपल्या की मुंबईतील लाखो मुले दीड-दोन महिन्यांसाठी मोकळी होतात. ज्यांच्या पालकांच्या खिशात पैसा आहे त्यांच्यासाठी बाजार सज्जच असतो. पोहण्यापासून घोडेस्वारीपर्यंतची समर कॅम्प आणि त्यांची हजारो रुपयांची फी यांच्या जाहिराती मार्चपासूनच झळकू लागतात. पण धारावी, गोवंडी, माता रमाबाई आंबेडकर नगर, वरळीची बीडीडी चाळ अशा वस्त्यांतील मुलांनी सुट्टीत काय करायचे? आई-वडील कामावर, दहा बाय दहाची खोली, तापलेला पत्रा आणि हातात मोबाईल. मुलगी असेल तर पाणी भरणे आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे हीच तिची सुट्टी! शहरात मुलांना फुकट बागडता येईल अशी जागा हा म्हणूनच करमणुकीच्या पुरवणीचा विषय नाही. तो हक्काचा प्रश्न आहे.

हा हक्क कुणी दान दिलेला नाही. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर झाला. तरीही महाडचे चवदार तळे बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्याच्या पायऱ्या उतरले, तेव्हा कागदावरचा हक्क प्रत्यक्षात उतरला. पुढे भारतीय संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही नाकारता येणार नाहीत अशी हमी आली. महाडचा धडा साधा आहे. जो हक्क वापरला जात नाही, तो हळूहळू हातातून जातो.

आज जातीचे नाव घेऊन कुणी मैदानाचे फाटक बंद करीत नाही. ते काम आता पैसा करतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेचे पाच रुपयांचे तिकीट महापालिकेने 2017 मध्ये थेट पन्नास रुपये केले. आई-वडील व दोन मुलांच्या कुटुंबाला शंभर रुपयांची सवलत ठेवली, पण रोजंदारीवर जगणाऱ्या घराला शंभर रुपये आणि वर प्रवासखर्च ही थोडकी रक्कम नाही. गिरण्यांच्या जमिनींचे तर सर्वांना ठाऊक आहे. 1991 च्या नियमानुसार त्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला मिळायचा होता. 2001 मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जेथे गिरणगावातील पोरांची मैदाने व्हायची तेथे मॉल आणि टॉवर उभे राहिले. जानेवारी 2016 मध्ये महापालिकेने मैदाने व उद्याने खासगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले. नागरिक ओरडले म्हणून मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. समाज जागा राहिला तर जागा वाचते, हेच यातून दिसले.

तरीही या शहरात आपल्या मुलांसाठी पुष्कळ काही शिल्लक आहे. अंधेरीच्या महाकाली लेण्या, म्हणजेच कोंडिविटे, ही बुद्धलेणी आहेत. तेथील चैत्यगृहात दगडात कोरलेली गोलाकार कुटी आणि तिच्या आत स्तूप आहे. नालासोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही त्याच सोपाऱ्यात सापडले. दादरला चैत्यभूमी आहे, शेजारी समुद्र आहे, हिंदू कॉलनीत राजगृह आहे. एरवी आपण 6 डिसेंबरच्या गर्दीत या वास्तूंपुढे नतमस्तक होऊन परततो. मे महिन्यातील एखाद्या सकाळी मुलांना घेऊन निवांत गेलो, तर त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देता येतील. खर्च बस-लोकलच्या तिकिटाचा आणि डब्यातल्या चपाती-भाजीचा.

आता प्रश्न चळवळीला. 1924 मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहाबरोबरच मुंबईत मोफत वाचनालय चालविले आणि महार हॉकी क्लबही काढला. पोटाला भाकरी नसण्याच्या त्या काळातही बाबासाहेबांच्या संस्थेला तरुणांच्या हातातली हॉकी स्टिक महत्त्वाची वाटली. मग जयंतीच्या डीजेवर लाखोंचा चुराडा करणाऱ्या मंडळांना वस्तीतील पोरांसाठी दोन कॅरम बोर्ड, शंभर पुस्तके आणि एक फुटबॉल का परवडू नये? आपली बुद्धविहारे वंदनेनंतर दिवसभर कुलूपबंद असतात. ती कुलुपे सुट्टीपुरती तरी उघडा! निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन मुले-मुली, महिला मंडळ यांनी आठवडा वाटून घ्यावा. सकाळी खेळ, दुपारी वाचन आणि चित्रकला, रविवारी लेणी किंवा समुद्रकिनारा. यासाठी देणगीदार शोधत बसण्याची गरज नाही. मात्र एक अट हवी. शिबिरात मुली मुलांइतक्याच असल्या पाहिजेत आणि त्यांच्या कडेवरच्या भावंडांचीही तेथेच सोय झाली पाहिजे. नाहीतर हे शिबिरही अर्ध्या समाजाचेच ठरेल.

सोबत दुसरे कामही करावे लागेल. 2018 मध्ये मंजूर झालेल्या मुंबईच्या विकास आराखड्यात आपल्या वॉर्डात मैदान आणि उद्यानासाठी कोणते भूखंड राखीव आहेत, त्यांवर आज काय उभे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आले नाही तर अपील करा. मुलांना सोबत घेऊन वॉर्ड ऑफिसवर जा. आपल्या शहराचा कारभार कसा चालतो, हे त्यांनीही पाहावे.

चवदार तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होणार नव्हतो, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायचे होते. आजच्या मुलांना तीच गोष्ट बागेतल्या झोपाळ्यावर आणि मैदानातल्या मातीत सिद्ध करायची आहे. त्यांचा हात धरून तेथे नेणे हे आपले काम. सुट्टी सुरू झाली की विहाराच्या किल्ल्या बाहेर काढा. जय भीम!