निर्जरेपूर्वी संवर



गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी पहाटे बीड शहरात बिंदुसरेच्या पात्रात श्रमदान ठरले होते. समाजातील तरुण मंडळी, काही महिला आणि माझ्यासारखे चार-दोन सेवानिवृत्त असे आम्ही हातमोजे घालून, पोती घेऊन पात्रात उतरलो. अर्ध्या-पाऊण तासाने चिखलातून एक पिशवी ओढून काढली. मळ पुसला, तेव्हा अक्षरे दिसली. ते आमच्याच दुकानाचे नाव होते. वडिलांनी उभे केलेले आणि आज धाकटे बंधू चालवितात ते कापडाचे दुकान. शेजारी काम करणाऱ्या मुलाने ते वाचले, पण बिचारा काही बोलला नाही. मीही ती पिशवी मुकाट्याने पोत्यात टाकली. त्या क्षणी जे वाटले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

पाण्याच्या रक्षणाचे काम जगात अनेक ठिकाणी अशाच साध्या माणसांनी हाती घेतले आहे. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणारे खेळाडू, ज्यांना सर्फर म्हणतात, त्यांचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील मालिबू येथे १९८४ मध्ये अशा खेळाडूंनी आपल्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी ‘सर्फरायडर फाउंडेशन’ स्थापन केले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात १९९० मध्ये ‘सर्फर्स अगेन्स्ट स्युएज’ ही संघटना उभी राहिली. समुद्रात सोडलेल्या मैलापाण्यामुळे खेळणाऱ्यांना कानाचे, घशाचे, पोटाचे विकार होत होते. पाणी त्यांच्या अंगाला लागत होते, म्हणून ते जागे झाले.

आपल्या मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ॲड. अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलण्यास प्रारंभ केला. दर आठवड्याला ते येत राहिले आणि माणसे वाढत गेली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्राकडे जाताना दिसली. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर एकरकमी मोठ्या ठेवीपेक्षा न चुकता भरलेली आवर्ती ठेव येथे फळाला आली.

बीडला समुद्र नाही. पण बिंदुसरेचे पाणी सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. म्हणजे आपल्या गल्लीतील गटारात पडलेल्या पिशवीलाही समुद्राची वाट मोकळी आहे. आणि ती वाटेत अडकली, तर नाला तुंबतो. जुलै १९८९ मधील महापूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे पात्र अडवून ठेवण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

पाण्यासाठी झटणे आपल्या समाजाला नवीन नाही. श्री. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने २०१३ च्या दुष्काळात आपल्याच बीड जिल्ह्यात तलावांतील गाळ काढण्याचे काम केले. तलाव खोल झाले आणि गाळाची सुपीक माती शेतांत गेली. याचा आपणास सार्थ अभिमान आहे. परंतु आपले दर्शन याहून एक पायरी पुढचे सांगते.

प्रवचनात आपण नावेचा दृष्टांत नेहमी ऐकतो. नावेला छिद्र पडले, पाणी आत येऊ लागले, तो आस्रव. छिद्र बुजविणे हा संवर आणि साचलेले पाणी उपसून टाकणे ही निर्जरा. छिद्र तसेच ठेवून कितीही उपसले, तरी नाव बुडणारच. नदीतील कचरा काढणे ही निर्जरा आहे, पुण्याचे काम आहे. पण कचऱ्याचा आस्रव आपल्या गल्ल्याशेजारूनच चालू असेल, तर रविवारी आपण नक्की काय उपसतो?

त्या संध्याकाळी मी बंधूंकडे विषय काढला. ते म्हणाले, “दादा, आपली पिशवी प्लॅस्टिकची नाही, कापडाची आहे. घाऊक व्यापाऱ्याने तसेच सांगून दिली.” मी त्यातला एक तुकडा काडीने पेटवला. सुती कापडाची राख होते. हा तुकडा वितळून गोळा झाला. ती ‘नॉन-वोव्हन’ पिशवी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, अर्थात प्लॅस्टिकच. तीन पिढ्या कापडात घालविलेल्या आमच्या घराला ते हाताला कळू नये, याचे दोघांनाही वाईट वाटले.

मग खरी अडचण बोलून झाली. पिशवी दिली नाही, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे आणि १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर देशभर बंदी आहे. तरी एकट्याने नियम पाळणाऱ्याला झळ बसते, हे नाकारता येत नाही. शेवटी बंधूंनी उरलेल्या कटपीसच्या पिशव्या शिवून घेतल्या. पिशवीची अनामत घ्यायची, पिशवी परत आली की रक्कम परत द्यायची. पहिल्या महिन्यात काही गिऱ्हाइके रुसली, काही तुटलीही. ती सगळी परत आली, असे मी म्हणणार नाही. पण गल्लीतील आणखी दोन दुकानांनी विचारपूस केली आहे. सगळ्या पेठेने एकत्र ठरविले, तर झळ कोणालाच बसणार नाही, आणि असा ठराव व्यापारी संघात मांडणे आपल्या हाती आहे.

आपल्या आजी-पणजी विहिरीचे पाणी फडक्याने गाळीत आणि फडक्यावर राहिलेली जिवाणी जपून त्याच विहिरीत परत सोडीत. पाणी घेताना ही काळजी होतीच. पण जे टाकायचे, तेही जीव दुखावणार नाही असे टाकावे, यासाठी मुनींना पाचवी समिती सांगितली आहे. कोणी तिला उत्सर्ग समिती म्हणतात, कोणी पारिष्ठापनिका. श्रावकाला ती संपूर्ण पाळता येणार नाही. पण दुकानापुरती तरी यावी.

पर्युषणात आपण ८४ लक्ष योनींतील जीवांची क्षमा मागतो. त्यांत ७ लक्ष अप्कायाच्या आहेत. यंदा ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना बिंदुसरा माझ्या डोळ्यांपुढे असेल, आणि तिच्या चिखलातून निघालेले आमच्या दुकानाचे नावही. पुढच्या श्रमदानात अवश्य या. मात्र येण्यापूर्वी आपल्या दुकानातील पिशवीचा एक तुकडा पेटवून पाहा.