धर्ममैत्रीचे देणेघेणे

ज्या पेढीवर केवळ घेणेच चालते, देणे कधी होत नाही, ती पेढी फार दिवस उभी राहत नाही, हे आमच्या व्यापारी वाचकांस कोणी शिकवावयास नको. परंतु हाच न्याय धर्मसंबंधांसही लागू आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. दूरदेशच्या धर्मबांधवांशी स्नेह जोडणे म्हणजे परिषदा भरविणे, पाहुण्यांस हार घालणे आणि मूर्तीचे दान स्वीकारणे, अशी समजूत आपल्याकडे रूढ होत चालली आहे. आज जगातील बौद्ध लोक लंकेपासून जपानपर्यंत आणि नागपुरापासून हंगेरीपर्यंत विखुरलेले आहेत. त्यांची भाषा एक नाही, वेष एक नाही, ग्रंथही सर्वस्वी एक नाहीत. सर्वांस हुकूम सोडील असा कोणी एक धर्माधिकारीही त्यांस नाही. तेव्हा त्यांना बांधणारे सूत्र परस्परांच्या मैत्रीवाचून दुसरे कोणते असणार? ही मैत्री केव्हा फलद्रूप होते व केव्हा नुसता देखावा ठरते, याचा विचार करण्याचे आम्ही आज योजिले आहे. हा प्रश्न बौद्धांचा आहे, आपला त्याशी काय संबंध, असे म्हणून कोणी पान उलटू नये. २०११ च्या जनगणनेत भारतातील बौद्धांची संख्या सुमारे ८४ लक्ष भरली, आणि त्यांपैकी ६५ लक्षांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. म्हणजे हा प्रश्न आपल्याच गावचा, आपल्याच पेठेतला आहे.

बौद्ध संघाचा एक नियम समजून घेतला म्हणजे या मैत्रीचे मूळ कळून येते. उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षा, कोणा एकट्या भिक्षूस देता येत नाही. तीस ठरावीक संख्येचा दीक्षित भिक्षूंचा गण लागतो. परचक्राने, दुष्काळाने किंवा राज्यकर्त्यांच्या अनास्थेने एखाद्या देशातील ही परंपरा एकदा खंडित झाली, म्हणजे राजाने कितीही द्रव्य ओतले तरी ती तेथल्या तेथे पुन्हा सुरू होत नाही. आपल्या चुलीतला विस्तव विझला तर शेजारणीकडून निखारा मागून आणावा लागतो, तशातलाच हा प्रकार आहे. अभिमान धरून बसणाऱ्याचे घर थंडच राहावयाचे!

असा निखारा मागण्याचा प्रसंग लंकेवर एकदा नव्हे, अनेकदा आला. चोळांचे राज्य हटवून अकराव्या शतकात विजयबाहू सिंहासनावर आला, तेव्हा बेटात उपसंपदा देण्यापुरतेही भिक्षू उरले नव्हते. त्याने ते ब्रह्मदेशातून बोलावून घेतले. चारशे वर्षांनंतर पाळी उलटली. ब्रह्मदेशातील पेगूचा राजा धम्मचेती यास आपल्या राज्यातील दीक्षापरंपरेच्या शुद्धतेविषयी संशय आला. तेव्हा त्याने १४७६ साली आपले भिक्षू लंकेस धाडले, आणि ते कल्याणी नदीवर पुन्हा उपसंपदा घेऊन स्वदेशी परतले. पुढे लंकेतील परंपरा पुन्हा खंडित झाली. त्या वेळी निखारा आला तो सयामातून, म्हणजे आजच्या थायलंडातून. १७५३ साली उपाली स्थविरांनी कँडी येथे उपसंपदेचा पुनरारंभ केला. या व्यवहारात कायमचा दाता कोणी नाही, कायमचा याचकही कोणी नाही. आज ज्याने मागितले त्याने उद्या दिले, आणि मागताना कोणाची मान खाली गेली नाही.

परंतु शेजाऱ्याकडून आणलेला विस्तव घरातल्या सर्वांस मिळतोच, असेही नाही. सयामातून आलेल्या या परंपरेची दारे थोड्याच वर्षांत गोयिगम नामक एका वरिष्ठ जातीपुरती मर्यादित करण्यात आली. जातिभेद न मानणाऱ्या बुद्धाच्या संघात जात शिरली! वगळल्या गेलेल्यांनी मग काय केले? दालचिनी सोलण्याचा धंदा ज्या सालागम जातीकडे परंपरेने आला होता, त्या जातीतील ज्ञानविमल नामक श्रामणेर आपल्या सोबत्यांसह समुद्र ओलांडून ब्रह्मदेशाची राजधानी अमरपूर येथे गेले. १८०० साली तेथे त्यांस उपसंपदा मिळाली, व १८०३ साली ते परत आले. लंकेतील अमरपूर निकाय तो हाच. स्वकीयांनी बंद केलेले दार परकीयांनी उघडले. महाराष्ट्रातील वाचकांस या कथेचा अर्थ निराळा करून सांगण्याची गरज आहे काय?

स्त्रियांच्या बाबतीत तर हे देणे फिटावयास दीड हजार वर्षे लागली. इसवी सनाच्या पाचव्या शतकात लंकेतील भिक्षुणी चीन देशास गेल्या आणि ४३३ च्या सुमारास नानकिंग येथे तेथील स्त्रियांस त्यांनी विधिपूर्वक उपसंपदा मिळवून दिली. त्यांस नेणारे गलबत नंदी नावाच्या एका नाखव्याचे होते, ही गोष्ट आमच्या व्यापारी मित्रांनी अवश्य ध्यानात ठेवावी. पुढे अकराव्या शतकाच्या सुमारास लंकेतील भिक्षुणीसंघ लयास गेला. चिनी परंपरा मात्र कोरियात व तैवानात जिवंत राहिली. अखेर १९९६ साली सारनाथ येथे कोरियन भिक्षुभिक्षुणींच्या साहाय्याने, आणि १९९८ साली बुद्धगया येथे तैवानच्या संघाच्या पुढाकाराने, लंकेच्या स्त्रियांस पुन्हा उपसंपदा मिळाली. ठेव ठेवणारी मंडळी काळाच्या पडद्याआड गेली, पण ठेव बुडाली नाही. अनेक महास्थविर ही दीक्षा अद्यापही ग्राह्य मानीत नाहीत, याचा आम्हांस खेद वाटतो. निखारा हाती आला असता तो कोणत्या घरचा म्हणून तो नाकारणे, हे शहाणपण नव्हे.

आता आपल्या घराकडे वळू. गोव्यातील साखवळ गावी जन्मलेले धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधार्थ हिंडत हिंडत कोलंबोस पोचले, तेव्हा त्यांच्यापाशी ना पैसा होता ना प्रतिष्ठा. तेथील विद्योदय विद्यालयाचे प्रमुख सुमंगल महास्थविर यांनी या अनोळखी तरुणास आश्रय दिला, पाली शिकविली आणि १९०२ साली श्रामणेराची दीक्षा दिली. त्या अन्नाचे व त्या विद्येचे फळ लंकेने मागितले नाही. ते मिळाले महाराष्ट्राला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे अध्यापन सुरू झाले, आणि बुद्धाचे चरित्र व उपदेश शुद्ध मराठीत सामान्य वाचकाच्या हाती आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धर्मांतर केले, त्या समयी त्यांस त्रिशरण व पंचशील देणारे महास्थविर चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशातील आराकान प्रांताचे होते. दोन महिने पुरते लोटले नाहीत तोच, ६ डिसेंबरास, बाबासाहेब निवर्तले. दीक्षा घेतलेले लक्षावधी लोक एकाएकी पोरके झाले. त्यांस शिकवावयास गुरू नव्हते, ग्रंथ नव्हते, पैसा तर नव्हताच. त्याच वर्षी बौद्ध जग बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची अडीच हजार वर्षे मोठ्या थाटाने साजरी करीत होते. १९५० साली लंकेत स्थापन झालेल्या जागतिक बौद्ध भ्रातृसंघाचे अधिवेशन नुकतेच, नोव्हेंबरात, काठमांडूस भरले होते, आणि बाबासाहेब स्वतः त्यास हजर होते. इतके असूनही नागपूरच्या या पोरक्या समाजाकडे बौद्ध राष्ट्रांनी जेवढे लक्ष पुरवावयास हवे होते तेवढे पुरविले नाही, असेच आम्हांस म्हणावे लागते. मदत आली ती व्यक्तींकडून. संघरक्षित नामक इंग्रज भिक्षू त्या दिवशी नागपुरात होते. त्यांनी पुढील चार दिवस सभांमागून सभा घेऊन लोकांस धीर दिला. १९७९ पासून त्यांच्या शिष्यांनी पुण्यात काम उभारले, आणि त्यांच्यापैकी काहींनी विलायतेत दारोदार फिरून महाराष्ट्रातील मुलांच्या शिक्षणासाठी वर्गणी गोळा केली. लंडनच्या पावसात परक्या देशातील मुलांसाठी दार ठोठावणे हे व्यासपीठावरून भ्रातृभावाची ग्वाही देण्याहून कठीण आहे, आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक आहे.

महाराष्ट्राने हे ऋण आता फेडावयास आरंभ केला आहे काय? होय, आणि तो आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊकही नाही. हंगेरी देशात रोमा नावाचे लोक राहतात. त्यांचे पूर्वज सुमारे एक हजार वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडले असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेथे त्यांची मुले वेगळी बसविली जातात, वस्त्या गावाबाहेर असतात, नोकरी मागावयास गेले तर आडनाव पाहिले जाते. त्यांच्यातील काही कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र वाचले, महाराष्ट्रात येऊन येथील बौद्धांची संस्थाजीवने डोळ्यांनी पाहिली, आणि परत जाऊन २००७ साली 'जय भीम' या नावाने आपला बौद्ध समाज स्थापन केला. शायोकाझा या खेड्यात त्यांनी बाबासाहेबांच्या नावाची शाळा काढली. ज्या समाजास अर्ध्या शतकापूर्वी शिकवावयास कोणी नव्हते, त्याचे उदाहरण आता युरोपातील एका उपेक्षित समाजास उभे राहावयास शिकवीत आहे. खरी मैत्री ओळखण्याची हीच खूण, की तिने घेणाऱ्यास देणारा बनविले.

परंतु मैत्रीचे एक कठीण अंगही आहे. मित्राची लक्षणे सांगताना बुद्धाने मित्रास पापापासून आवरणे हे एक मोठे लक्षण म्हणून गणले आहे. ज्या आराकानातून चंद्रमणी महास्थविर आले, त्याच प्रांतातून २०१७ साली सात लक्षांहून अधिक रोहिंग्या मुसलमान जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले. त्यांची गावे जाळली गेली, आणि त्यापूर्वी वर्षानुवर्षे त्यांच्याविरुद्ध द्वेषाची भाषणे करणाऱ्यांत काही भिक्षूही होते. दहा वर्षांपूर्वी, २००७ साली, त्याच देशातील हजारो भिक्षू मैत्रीसूत्राचे पठण करीत लष्करी सत्तेपुढे निःशस्त्र चालून गेले होते, हेही आम्ही विसरत नाही. म्हणूनच तर मित्रांनी बोलावयास हवे होते! स्वधर्मीयांचा अन्याय झाकणे म्हणजे बंधुत्व नव्हे. ती टोळी होय. ज्या मैत्रीची सीमा बुद्धाने प्राणिमात्रापर्यंत नेली, ती बौद्धांपुरती राखून ठेवणे म्हणजे तिचा पायाच उखडणे. चंद्रमणींचे ऋण ज्यांच्या शिरावर आहे त्या महाराष्ट्रातील बौद्धांस याविषयी बोलण्याचा अधिकार इतर कोणाहूनही अधिक आहे. स्वतः वेशीबाहेर राहण्याचे दुःख ज्याने सोसले, त्याच्या शब्दास निराळे वजन असते.

आता कर्तव्याचे दोन शब्द. परदेशी यात्रेकरू बुद्धगया, सारनाथ व कुशिनगर पाहून परत जातात. तेथील दगडांस ते वंदन करतात, पण जिवंत बौद्ध समाज ज्या प्रांतात राहतो त्या महाराष्ट्राची त्यांस वार्ताही नसते. त्यांस नागपुरास आणावे, वसतिगृहे दाखवावी, आणि त्यांनी सुवर्णमूर्ती देऊ केली तर नम्रपणे सांगावे, की मूर्ती आमच्यापाशी पुष्कळ आहेत, दोन विद्यार्थ्यांस आपल्या विद्यापीठात घ्या. त्याच वेळी येथील बौद्धांनीही केवळ हात पुढे करून बसू नये. दर हिवाळ्यात आपल्या शहरांतील पदपथांवर लोकरीचे कपडे विकावयास तिबेटी निर्वासित येतात. गोंदिया जिल्ह्यात त्यांची एक वसाहतही १९७२ पासून आहे. आपण त्यांच्याशी स्वेटरच्या किमतीची घासाघीस करतो, पण हे आपले धर्मबंधू आहेत, आपला देश गमावून येथे आलेले आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांच्या मनात येते? सातासमुद्रांपलीकडील मैत्रीचा प्रारंभ या पदपथावरून का होऊ नये?

आणि जे बौद्ध नाहीत त्या आमच्या व्यापारी वाचकांस एवढेच सांगणे, की पुण्यामुंबईच्या वाटेवरील कार्ल्याचे भव्य चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या एका श्रेष्ठीने पूर्ण केले, आणि त्यातील कित्येक स्तंभ यवनांच्या, म्हणजे परदेशीयांच्या, दानातून उभे राहिले, असे तेथील शिलालेख सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीतील सावकाराने आणि परक्या यवनाने एका छताखाली आपापला खांब उभा केला. आज तशा छतासाठी डोंगर कोरावा लागत नाही. बौद्ध आहे म्हणून घर भाड्याने नाकारू नये, आडनाव पाहून नोकरीचा अर्ज बाजूस ठेवू नये, आणि गावच्या वाचनालयात पालीच्या दोन ग्रंथांस जागा द्यावी. एवढ्याने आरंभ होईल. हंगेरीतील परके लोक ज्यांच्यापासून शिकावयास येतात, त्यांस त्यांच्याच गावातील शेजाऱ्यांनी ओळखू नये, याहून मोठी नामुष्की महाराष्ट्रास दुसरी कोणती असू शकेल?