गिअरचें सोवळें

जुन्या मोटारींच्या शौकिनांत अलीकडे एक नवेंच सोवळें माजलें आहे. गाडी कितीहि जुनी असो, कितीहि देखणी असो; तिच्यांत क्लचचें पेडल नसलें व गिअर आपोआप पडत असले, कीं ह्या मंडळींस ती विटाळलेली वाटते. हातानें गिअर टाकील तोच खरा हांकणारा, हें त्यांचें ब्रह्मवाक्य. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचललीच नसती. परंतु ह्या सोवळ्यापायीं धडधाकट गाड्यांचीं पोटें फाडून त्यांतील मूळचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स भंगारांत टाकले जात आहेत. आणि हाताच्या गिअरला बाजारांत चार पैसे अधिक येतात म्हणून ह्या चिरफाडीस जीर्णोद्धार असें गोंडस नांव मिळत आहे. ह्याला आमची हरकत आहे.

ऑटोमॅटिक गिअर हें कांहीं कालपरवांचें थेर नव्हे. १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांत 'हायड्रामॅटिक' नांवाचा असा गिअर मिळूं लागला. पुढें जाण्याच्या चार गति, आणि क्लचचें पेडल मुळींच नाहीं. समोरासमोर बसविलेलीं पात्यांचीं दोन चाकें तेलांत बुडालेलीं. इंजिन एका चाकास फिरवितें, त्यानें भिरकावलेलें तेल दुसऱ्यास फिरवितें, आणि वेग वाढेल तसतसे पुढचे गिअर तेलाच्या दाबानें आपले आपण पडतात. ज्यांना ही युक्ति नाजूक माणसांची वाटते त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांत हीच यंत्रणा होती. रणांगणावर तिची मर्दुमकी कमी पडली नाहीं. रविवारीं सकाळीं रिकाम्या रस्त्यावर फेरी मारणारांस तेवढी ती कमी पडते! पुढें १९५५ च्या सिल्व्हर क्लाऊडसाठीं रोल्स-रॉइससारख्या मानी कारखान्यानेंहि ही अमेरिकन रचनाच पत्करली.

शेव्होलेट कॉर्व्हेटचें उदाहरण तर ह्या मंडळींस निरुत्तर करणारें आहे. १९५३ सालीं ह्या गाड्या अवघ्या ३०० निघाल्या, आणि त्या सर्वांत दोन गतींचा 'पॉवरग्लाइड' ऑटोमॅटिक होता. हाताचा गिअर कॉर्व्हेटला मिळाला तो १९५५ त. आतां त्या ३०० पैकीं एखादीस कोणी हौसेनें हाताचा गिअर बसविला, तर तो १९५३ ची कॉर्व्हेट हांकीत नसून कारखान्यानें त्या सालीं कधींच न केलेली गाडी हांकीत आहे. तिला अस्सल कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?

ह्या पंथाचें दैवत म्हणजे जॅग्वार ई-टाइप. १९६१ सालीं ती आली तेव्हां तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. गाडी चालती असतां तो टाकणें म्हणजे दोनदां क्लच दाबून इंजिनाचा वेग अंदाजानें जुळविणें. अंदाज चुकला कीं दांते करकरलेच. १९६४ त ४.२ लिटरच्या इंजिनाबरोबर सर्व गिअरांस सिंक्रोमेश असलेला नवा बॉक्स आला. आतां मौज पाहा! हाताच्या गिअरचे पोवाडे गाणारांपैकींच कित्येक जण तो पहिला अवघड बॉक्स काढून तेथें हल्लींचा पांच गतींचा मऊ बॉक्स बसवितात, आणि वर ऑटोमॅटिकवाल्यास आळशी म्हणतात. १९६६ त ह्याच ई-टाइपची मागें बैठक असलेली '२+२' निघाली. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर नऊ इंच वाढविलें होतें, आणि त्या वाढीव लांबीमुळें तींत तीन गतींच्या ऑटोमॅटिकला जागा झाली. ई-टाइपच्या पाटीवर इंजिनाच्या क्रमांकाबरोबर गिअरबॉक्सचाहि क्रमांक असतो. बॉक्स बदलला कीं ती पाटी खोटें बोलूं लागते.

मग काय, ऑटोमॅटिकच घ्यावा? आमचें तसें मुळींच म्हणणें नाहीं. जुना ऑटोमॅटिक इंजिनाची कांहीं शक्ति तेलाच्या घुसळणींत गमावतो, पेट्रोल अधिक पितो, उतारावर इंजिनाचा अटकाव कमी देतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली कीं त्याचीं रबरी सीलें वाळतात, आणि त्याच्या आंतील तेलवाटांचें कोडें उलगडणारा कारागीर शोधूनहि सांपडत नाहीं. हलकी, दोघांची, वळणांवर खेळविण्यासाठीं घडविलेली गाडी कारखान्यानें दोन्ही तऱ्हांनीं विकली असेल, तर हाताच्या गिअरचीच घ्या असें आम्ही सांगूं. जडशीळ, ऐसपैस गाडी असेल तर ऑटोमॅटिक. पण निवड करावयाची ती विकत घेतांना, दोन गाड्यांमध्यें. घेतल्यावर करवतीनें नव्हे.

हाच न्याय उलट बाजूसहि लागू आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ त रस्त्यावरून गेल्या. ज्या पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला असे, तिची पुढची बैठक सलग राही, व ड्रायव्हरशेजारीं दोघे दाटीवाटीनें बसत. हौशी लोकांनीं जपलेल्या पद्मिनींत सोयीच्या नांवाखालीं कोणी ऑटोमॅटिक कोंबूं लागला, तर त्याच्याशींहि आमचें हेंच भांडण राहील.

"गाडी आमची, पैसा आमचा" असें ह्यावर सांगण्यांत येतें. तें खरें, पण अशी गाडी चार मालकांच्या हातून जाते, व पत्रा एकदां कापला म्हणजे पांचव्याला तो परत मिळत नाहीं. गुडघे गेलेल्या वृद्ध मालकाची गोष्ट मात्र निराळी. क्लच दाबवत नाहीं म्हणून त्याची गाडी कापडाखालीं पडून राहावी, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यानें बदल खुशाल करावा. परंतु पत्रा न कापतां, असलेल्या बोल्टांच्या भोंकांवरच नवा बॉक्स बसवावा, आणि काढलेला जुना बॉक्स तेल चोपडून, क्रमांकाची चिठ्ठी बांधून, लांकडी खोक्यांत ठेवावा, व गाडी विकेल तेव्हां तो खोकाहि तिच्याबरोबर द्यावा.