अभयारण्याची हद्द आणि मच्छीमाराची वहिवाट

दिनांक 13 एप्रिल 1987 रोजी महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून मालवणच्या किनाऱ्यालगतचा सुमारे 29 चौरस किलोमीटरांचा सागरी इलाखा अभयारण्य म्हणून जाहीर केला, आणि त्यातील सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या भोवतालचा तीन चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक असा भाग गाभाक्षेत्र ठरविला. राज्यातील हे पहिलेच सागरी अभयारण्य. शिवछत्रपतींनी 1664 साली कुरटे बेटावर ज्या जलदुर्गाची पायाभरणी केली, त्याच्या तटाखालील खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत, समुद्रशैवालांची कुरणे आहेत आणि त्यांच्या आश्रयाने वाढणारी असंख्य जातींची मासळी आहे. या संपदेचे रक्षण व्हावे हा शासनाचा हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु ज्या गाबीत मच्छीमार कुटुंबांचा उदरनिर्वाह पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर चालत आला, त्यांच्या मनात या अधिसूचनेने जी धास्ती उत्पन्न केली ती आजतागायत पुरती निमालेली नाही; आणि ज्यांच्या सहकार्यावाचून समुद्रात कोणतीही हद्द पाळली जाणे शक्य नाही तेच साशंक राहिल्यामुळे, अभयारण्य दफ्तरात जितके ठळक आहे तितके पाण्यावर दिसत नाही.

सागरी संरक्षणाची यशस्विता कोणत्या मापाने मोजावी, हा प्रश्न त्यामुळे आपल्यासाठी पुस्तकी राहिलेला नाही. डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियल येथे झालेल्या जैवविविधता परिषदेत जगातील राष्ट्रांनी 2030 सालापर्यंत पृथ्वीवरील जमिनीचा आणि समुद्राचा तीस टक्के भाग संरक्षणाखाली आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले असल्याने येत्या काही वर्षांत अशा हद्दी अनेक किनाऱ्यांवर आखल्या जातील. त्या आखताना किती चौरस किलोमीटर पाणी नकाशावर रंगविले, याचीच मोजदाद होत राहिली आणि त्या पाण्याकाठी राहणाऱ्या माणसाचे आयुष्य सुधारले की खालावले, हे कोणी विचारलेच नाही, तर मालवणच्या अनुभवाची पुनरावृत्ती अटळ आहे.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे: संरक्षणाची गरज खरी आहे. बहुतेक जातींच्या मासळीत वयाने व आकाराने मोठी झालेली एकच मादी अनेक लहान माद्यांहून अधिक अंडी घालते. म्हणून एखादा खडकाळ पट्टा काही वर्षे जाळ्यापासून मुक्त राहिला, की तेथे वाढलेल्या माशांची संतती आणि कालांतराने ते मासेही हद्दीबाहेरच्या पाण्यात पसरू लागतात. याउलट समुद्रतळ खरवडीत जाणारा ट्रॉलर, मासळीचा थवाच्या थवा एका फेऱ्यात वेढून घेणारी पर्ससीन जाळी आणि रात्रीच्या काळोखात प्रखर एलईडी दिव्यांनी मासे खेचून घेणारी नौका, ही साधने अशीच मोकाट चालू राहिली तर उद्याच्या पिढीसाठी तारली आणि बांगडा यांची नावेच तेवढी उरतील. समुद्र रिता होतो तेव्हा त्याची पहिली झळ पोचते ती सर्वांत लहान होडीच्या मालकाला, कारण त्याला दुसरीकडे जाण्याची ऐपत नसते.

आणि नेमक्या याच कारणास्तव, संरक्षणाची हद्द अविचाराने आखली गेली तर तिची पहिली झळही त्यालाच पोचते. मोठ्या यांत्रिक नौकेला जवळचे पाणी बंद झाले म्हणून फारसे बिघडत नाही. ती दूर जाऊ शकते. लहान होडीवाल्याला मात्र त्याच मासळीसाठी अधिक इंधन जाळावे लागते, वारा फिरला तर परतण्याचे अंतर वाढलेले असते, आणि म्हणून त्याच्या उत्पन्नाबरोबर त्याच्या जिवाची सुरक्षितताही घटते. किनाऱ्यावर मासळीचा ताजा वाटा घेऊन बाजारात बसणाऱ्या त्याच्या घरच्या बाईची टोपली हलकी होते. मुलांच्या ताटातील स्वस्त आणि सकस असा जो एकच पदार्थ, तोही दुर्मीळ होतो. मानवी कल्याण म्हणजे केवळ दरडोई उत्पन्न नव्हे. अन्न, आरोग्य, जिवाची शाश्वती, परस्परांचे संबंध आणि आपल्या आयुष्याविषयीच्या निर्णयात आपला शब्द असणे, या सर्वांचा त्यात अंतर्भाव होतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रापणीकडे या दृष्टीने पाहावे. होडीतून अर्धवर्तुळाकार टाकलेले लांबच लांब जाळे किनाऱ्यावर उभे राहून दोन्ही टोकांच्या दोरखंडांनी ओढावयाचे, आणि येईल ती मासळी रापण संघातील सर्वांनी वाटून घ्यावयाची, अशी ही पद्धत आहे. तीत होडी आणि जाळे यांना वाटा असतो तसा श्रमालाही असतो, आणि दोराला हात लावण्यास आलेला गावचा वृद्ध किंवा निराधार मनुष्य सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. मत्स्योत्पादनाच्या सरकारी तक्त्यात ही गोष्ट कोठेही नोंदली जात नाही, तथापि गावातील दुर्बळांना आधार देणारी ती एक संस्थाच आहे. संरक्षणाच्या नियमांनी अशी संस्था मोडली आणि तिच्या जागी काहीच उभे केले नाही, तर माशांची संख्या कितीही वाढो, समाजाचे नुकसान भरून निघणार नाही.

याचे उलट उदाहरणही जगात आहे, आणि ते फार बोधप्रद आहे. फिलिपीन्समधील आपो हे जेमतेम पाऊण चौरस किलोमीटरचे बेट. तेथील सागरजीवशास्त्रज्ञ एंजेल अल्काला आणि सिलिमान विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी बेटावरील कोळ्यांशी दीर्घकाळ चर्चा केली, आणि 1982 साली त्यांच्या संमतीने प्रवाळखडकाचा एक लहानसा पट्टा मासेमारीस पूर्णतः बंद केला. राखण करणारे गावकरी, नियम करणारे गावकरी, आणि उरलेल्या पाण्यात मासेमारी करणारेही तेच गावकरी. बंद पट्ट्यातील मोठ्या शिकारी माशांची संख्या वर्षानुवर्षे वाढत गेल्याच्या नोंदी अल्काला आणि त्यांचे सहसंशोधक गॅरी रस यांनी सातत्याने ठेवल्या. अल्काला यांना 1992 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि आपोचा कित्ता फिलिपीन्समधील शेकडो गावांनी गिरवला. परंतु 1994 मध्ये राष्ट्रीय कायद्यान्वये बेटाचा कारभार सरकारनियुक्त मंडळाकडे गेल्यावर आणि पर्यटकांचे शुल्क प्रथम मध्यवर्ती खजिन्यात जमा होऊन मग त्यातला वाटा परत येऊ लागल्यावर, ज्यांनी हे सारे उभे केले त्यांच्यातच दुरावा आणि नाराजी उत्पन्न झाली. समुद्र तोच, मासे तेच, हद्दही तीच. बदलले होते ते इतकेच की निर्णय आता दुसरीकडे होऊ लागला होता.

संरक्षणाच्या नावाने माणसावर किती घोर अन्याय होऊ शकतो, याचे उदाहरण आपल्याच हिंदी महासागरात आहे. चागोस द्वीपसमूहातील मूळ रहिवाशांना ब्रिटिश सरकारने 1968 ते 1973 या काळात, दिएगो गार्सिया येथे अमेरिकेच्या लष्करी तळास जागा करून देण्यासाठी, बेटांवरून हुसकावून लावले. 1 एप्रिल 2010 रोजी त्याच सरकारने त्या बेटांभोवतीचा सुमारे सहा लाख चाळीस हजार चौरस किलोमीटरांचा समुद्र संरक्षित म्हणून घोषित केला आणि जगभरातील अनेक निसर्गप्रेमींनी त्याचे स्वागत केले. ज्यांना बेटांवर परतावयाचे होते त्यांच्या उपजीविकेचा मार्ग मात्र त्याच घोषणेने बंद होत होता. या बेटांवर हक्क सांगणाऱ्या मॉरिशसने दाद मागितल्यावर मार्च 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने निर्णय दिला, की हे क्षेत्र घोषित करताना ब्रिटनने सागरी कायद्याखालील आपल्या बंधनांचा भंग केला. प्रवाळ निर्मळ राहिले असेल. पण ज्या संरक्षणाच्या मुळाशी निर्वासितांचे अश्रू आहेत, त्याला कल्याणकारी कसे म्हणावे?

मालवणची गोष्ट चागोसइतकी दारुण नाही, हे आपले सुदैव. परंतु आपण आपोच्या मार्गानेही गेलो नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितरक्षणाची पुरेशी तजवीज केली पाहिजे, अशी स्पष्ट तरतूद आहे. मालवणची अधिसूचना त्या दुरुस्तीच्या चार वर्षे आधीची. कायद्याला नंतर जे शहाणपण सुचले ते आधीच्या अभयारण्यासही लागू करण्यात कोणाचीही हरकत असू नये.

हे मच्छीमार संरक्षणाचे वैरी आहेत, असा जो समज शहरी मंडळींत आढळतो तो वस्तुस्थितीला सोडून आहे. पर्ससीन मासेमारीविरुद्ध सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, निवेदने दिली, समुद्रात संघर्ष पत्करला; आणि पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर जे निर्बंध घातले, त्यांमागे या आंदोलनाचे बळ होते. म्हणजे समुद्राच्या रक्षणाची मागणी घेऊन जो वर्ग रस्त्यावर उतरला, त्यालाच आपण अभयारण्याच्या कारभारात संशयित मानीत आलो. दुसरीकडे, गाभाक्षेत्राच्या मधोमध असलेल्या किल्ल्यावर पर्यटकांच्या नौकांची ये-जा चालते आणि त्याच परिसरात पाण्याखालील दृश्ये दाखविण्याचा व्यवसाय फोफावला आहे. त्या व्यवसायावर अनेक स्थानिक तरुणांची घरे चालतात आणि ती चालावीत. पण प्रवाळावर पडणारा नांगर आणि त्यावर ठेवलेले पाऊल यांचा हिशेब मांडल्यावाचून केवळ जाळ्याकडे बोट दाखविणे न्याय्य नाही.

विश्वास टाकला असता काय घडते, हे कोकणानेच दाखवून दिले आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण आरंभिले, गावकऱ्यांना त्यात सामील करून घेतले, आणि 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. जेथे पूर्वी अंडी चोरीस जात तेथे आज ग्रामस्थ घरट्यांची राखण करतात आणि येणाऱ्या पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतात. त्यासाठी समुद्रावर कोणाची वहिवाट रद्द करावी लागली नाही. जाळ्यात अडकलेले कासव किंवा देवमासा सोडविण्याकरिता जाळे कापणाऱ्या मच्छीमारास शासनाने पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून अशा सुटकेच्या बातम्या किनाऱ्यावरून वरचेवर येऊ लागल्या. जाळे हे त्याचे भांडवल आहे, हे सरकारने ओळखले, इतकेच त्यामागील रहस्य.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की सर्व निर्णय गावाच्या हाती दिले तर गावातील धनवान मंडळी ते आपल्या सोयीने वळवतील आणि शास्त्राचा आवाज दबून जाईल. आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच कारभार एकट्या वनखात्याचा नसावा, तसाच तो कोणा एका मच्छीमार सोसायटीचाही नसावा. रापणकर, होडीवाले, मासळी विकणाऱ्या स्त्रिया, पर्यटन व्यावसायिक, सागरशास्त्रज्ञ आणि वन व मत्स्यव्यवसाय ही दोन्ही खाती यांचे अधिकारयुक्त मंडळ मालवणात बसावे. कोणत्या खडकावर जाळे टाकू नये आणि किती काळ टाकू नये, हे मंडळाने शास्त्रज्ञांच्या मोजणीवरून पण स्थानिकांच्या संमतीने ठरवावे. परंपरागत हक्कांची चौकशी पूर्ण करून ते लेखी नोंदवावेत. पर्यटनाच्या शुल्कातील ठरावीक हिस्सा तेथल्या तेथे किनाऱ्यावर खर्च व्हावा, आणि बंद पाण्यामुळे ज्याचे उत्पन्न घटेल त्यास भरपाई तक्रारीची वाट न पाहता मिळावी. पर्ससीनवरील निर्बंधांचा आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरील बंदीचा अंमल सर्वप्रथम व्हावा, कारण बलाढ्यावर कायदा चालत नाही असे दिसले की दुर्बळाने तो का पाळावा, या प्रश्नास उत्तर उरत नाही. आणि प्रवाळांची व माशांची गणना होते त्याच वेळी किनाऱ्यावरील घरांचे उत्पन्न, आहार, कर्ज आणि समाधान यांचीही पाहणी होऊन दोन्ही अहवाल मालवणीत समजावून, गावसभेपुढे एकत्र वाचले जावेत.

समुद्राचे हित आणि समुद्रावर जगणाऱ्यांचे हित यांत निवड करावयाची आहे, ही समजूतच मुळात चुकीची आहे. अपुऱ्या विचाराने आखलेल्या हद्दींनी ती जन्मास घातली आहे. 1987 च्या अधिसूचनेने मालवणच्या समुद्राला कायद्याचे संरक्षण दिले. ते संरक्षण पाण्यावर उतरावे असे शासनास मनापासून वाटत असेल, तर सर्वप्रथम रापणकराला अभयारण्याच्या कारभारात हक्काची जागा द्यावी लागेल. आणि ती उपकार म्हणून न देता, इतकी वर्षे थकलेले देणे म्हणून दिली पाहिजे.