पट्टा कोणाच्या कमरेला?



कचेरीत दुपारी डबे उघडले की विषयातून विषय निघतो. परवा तरुण सहकाऱ्यांत टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीची चर्चा रंगली होती. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अहो, ती सगळी नुराकुस्ती. कोण जिंकणार ते आधीच ठरलेले. त्यात पाहायचे काय?" त्यांचे म्हणणे खरे आहे. पण नेमक्या त्याच कारणासाठी आज आम्हाला बोबो ब्राझील या मल्लाची कहाणी आपल्यापुढे ठेवायची आहे.

नावात ब्राझील असले तरी हा माणूस अमेरिकेचा. खरे नाव ह्यूस्टन हॅरिस. जन्म १० जुलै १९२४ रोजी आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे, कृष्णवर्णीय कुटुंबात. पुढे मिशिगनमधील बेंटन हार्बर हेच त्यांचे गाव झाले. जो सॅव्होल्डी या मल्लाने त्यांना तयार केले. साडेसहा फूट उंची, धिप्पाड देह आणि प्रतिस्पर्ध्याला लोळवणारी डोक्याची धडक ही त्यांची ओळख.

तो काळ कसा होता? दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांची बसण्याची जागा वेगळी, पाणी पिण्याचे नळ वेगळे. हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. कुस्तीतही तोच न्याय. अनेक ठिकाणी काळ्या मल्लाची जोड काळ्याशीच लावत. त्यांच्यासाठी 'निग्रो अजिंक्यपद' असा निराळा पट्टाही असे. म्हणजे पाणवठा वेगळा, तसा पट्टाही वेगळा!

ब्राझील यांनी ही भिंत धडका देऊन खिळखिळी केली. उत्तरेकडील शहरांत ते नामांकित गोऱ्या मल्लांशी लढू लागले. डेट्रॉइटमध्ये 'द शेख' नावाच्या मल्लाशी त्यांचे वैर वर्षानुवर्षे गाजले. काळे आणि गोरे प्रेक्षक एकाच वेळी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवीत.

आणि मग आले १९६२ साल. न्यू जर्सीतील नेवार्क शहरात त्यांनी एनडब्ल्यूए या बड्या संघटनेचा जागतिक विजेता बडी रॉजर्स याला हरवले. पण रॉजर्सने जांघेत दुखापत झाल्याचे सांगितले आणि 'असा विजय नको' म्हणून ब्राझील यांनी पट्टा नाकारला. संघटनेने हा विजय अधिकृत मानलाच नाही. जानेवारी १९६३ मध्ये लू थेझने हरवले तेव्हाही विजेता म्हणून नाव रॉजर्सचेच होते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. वहीत नोंद झाली आणि पुढच्याच ओळीत तिच्यावर रेघ मारली, की आमचा हात थांबतो. खऱ्या कुस्तीत म्हणता येते, बळ कमी पडले. इथे तर निकाल लेखणीने लिहायचा होता! जिथे जिंकणेही ठरवून आणि दुखापतही ठरवून, तिथे काळ्या माणसाला विजेता करायला मनगटाची नव्हे, केवळ मनाची गरज होती. खोट्या खेळातसुद्धा त्यांना ते खरे वाटू द्यायचे नव्हते. वर्णभेदाचा याहून उघडा पुरावा कोणता?

ब्राझील थांबले नाहीत. १९६८ मध्ये जपानमध्ये जायंट बाबाला हरवून त्यांनी तिथला आंतरराष्ट्रीय पट्टा मिळवला. ९ ऑक्टोबर १९७० रोजी अटलांटातील पहिल्या मिश्रवर्णीय कुस्तीत ते उतरले आणि जिंकले. नेवार्कनंतर जवळपास ३० वर्षांनी, २ ऑगस्ट १९९२ रोजी, बाल्टिमोरमध्ये रॉन सिमन्स या कृष्णवर्णीय मल्लाने व्हेडरला हरवून डब्ल्यूसीडब्ल्यूचा जागतिक पट्टा घेतला. त्या पट्ट्यावर कोणी रेघ मारली नाही. १९९४ साली डब्ल्यूडब्ल्यूएफने ब्राझील आणि रॉजर्स या दोघांनाही एकाच वेळी आपल्या मानकऱ्यांच्या यादीत घेतले. २० जानेवारी १९९८ रोजी ब्राझील गेले.

हे वाचताना आम्हाला पळवणकर बाळू आठवतात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. तिथे रंग, इथे जात. घाम गाळायला चालतो, मान द्यायला चालत नाही.

म्हणून मुले टीव्हीपुढे बसली की त्यांना रागावू नका. जवळ बसा आणि विचारायला शिकवा : निकाल कोणी लिहिला? लेखणी कोणाच्या हातात होती? मनगट आपल्या पोरांकडे पूर्वीपासून आहे. लेखणीही आता आली आहे. ती खाली ठेवू नये, एवढेच आमचे सांगणे.