आय ॲम फाइन!

‘हाउ आर यू?’
‘फाइन!’

रोज सकाळी सव्वानऊला, लिफ्टच्या दारात, माझा आणि शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीचा एवढाच संवाद. तीन आठवडे चालला. चौथ्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये तिसऱ्याच कुणाकडून तरी कळलं, की तिचे बाबा तेव्हापासून आयसीयूत आहेत. ही रात्र हॉस्पिटलच्या बाकड्यावर काढायची, घरी जाऊन अंघोळ उरकायची आणि लिफ्टपाशी मला ‘फाइन’ म्हणायची.

मग मी काय केलं? माझ्यासारखा माणूस जे करतो तेच. डिक्शनरी उघडली!

काय शब्द आहे राव! सिग्नल तोडला की भरायचा तो फाइन. लोन घेताना आपण कधीच वाचत नाही ती फाइन प्रिंट. बारीक वाळू फाइन आणि महागड्या हॉटेलातलं जेवणही फाइन. आणि फाइन लेग? तिथे उभ्या राहणाऱ्या फिल्डरचे पाय सुंदर असतात, असं मला शाळेत खरंच वाटायचं. (हसू नका!) तिथे फाइन म्हणजे बॅट्समनच्या पाठीमागे, पिचच्या रेषेच्या जवळ.

पण खरी गंमत पुढे आहे. ‘छान’वाला फाइन आणि दंडवाला फाइन, दोघांचं मूळ एकच. लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट. अगदी शेवटाला नेलेलं, काही करायचं बाकी न ठेवलेलं, ते फाइन. आणि भांडण एकदाचं संपवायला मोजलेले पैसे, तेही फाइन. फिनिश, फायनल ही त्याच घरातली भावंडं. तुमचा-आमचा छळ करणारा फायनान्ससुद्धा!

‘आत्ता नको ना विचारूस’ हा अर्थ मात्र डिक्शनरीत सापडला नाही.

आपल्या ‘बरं’चं तसं नाही. आई फोनवर ‘बरी आहे रे’ म्हणाली, की आवाजावरूनच कळतं, आज गुडघे दुखतायत.

सोमवारी मी इंग्रजीला सुट्टी दिली. ‘बाबा कसे आहेत गं?’

‘फा...’ ती सवयीने म्हणाली. आणि थांबली. लिफ्ट आली, उघडली, आम्हाला न घेताच वर गेली. आम्ही बाहेर टपरीवर गेलो. दोन कटिंग. ती व्हेंटिलेटरबद्दल, बिलांबद्दल, आईच्या उपासांबद्दल बोलत राहिली. मी बॉसला मेसेज टाकला, मीटिंगला उशीर होतोय.

लगेच उत्तर आलं. एकच शब्द. ‘फाइन.’

आता यातला कुठला, ते तुम्हीच सांगा.